गाईचा ताप कोणता?

आळेफाटा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पुण्याहून नाशिकला जाणारी सडक आणि कल्याणहून अहिल्यानगरला जाणारी सडक इथे एकमेकींना ओलांडतात. इथे गाईंचा बाजार भरतो. टेम्पोतून गाई उतरतात. काळ्या-पांढऱ्या, मोठ्या कासेच्या संकरित गाई. घेणारा कास बघतो, सड बघतो, दात मोजतो. वेत कितवे ते विचारतो. दूध किती ते विचारतो. मग सौदा होतो.

पण कानाच्या आत कोण बघतो? शेपटीच्या बुडाशी कोण बघतो? गोचीड तिथेच बसलेला असतो.

फाट्याजवळ आळे गाव आहे. तिथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याच रेड्याची ही समाधी, असे लोक सांगतात. तो रेडा बोलला. आपली गाय मात्र बोलत नाही. "मला ताप आलाय, माझ्या खांद्यापुढं गाठ आलीय," असे ती सांगत नाही. आपणच हात लावून, डोळे उघडे ठेवून तिला विचारायचे असते. ते कसे विचारायचे, हे आज आपण शिकू.

एका वाडीतली गोष्ट

फाट्याहून थोड्या अंतरावर एक वाडी आहे. वाडीचे नाव आम्ही सांगत नाही. घरच्यांना ते आवडणार नाही. त्या घरच्या सूनबाई आमच्या रात्रीच्या वर्गाला येत असत. त्यांनी बचत गटाचे कर्ज काढले आणि बाजारातून एक गाय आणली. दुसऱ्या वेताची. सकाळ-संध्याकाळ मिळून बारा लिटर दूध. डेअरीचा दहा दिवसांचा पगार आला की त्यातून हप्ता भरायचा, असा हिशेब होता.

सूनबाई नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी एक वही घातली. रोज तारीख लिहायची. तारखेपुढे दुधाचा आकडा लिहायचा. सासूबाई हसायच्या. "दूध काय वहीत वाढतंय व्हय?" म्हणायच्या.

सतरा दिवस वहीत सहा आणि सहा असेच आकडे होते. अठराव्या दिवशी सकाळी पाच. संध्याकाळी साडेतीन. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन. गाय गव्हाणीत तोंड घालीना. रवंथ थांबली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"उन्हानं झालं असंल," घरधनी म्हणाले. "दोन दिस बघू."

त्या भागात एक जण इंजेक्शने देत फिरतो. त्याला बोलावले. त्याने दोन इंजेक्शने दिली. संध्याकाळी गाईचे अंग गार लागले. तिने चार घास खाल्ले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सकाळी गाय पुन्हा तापाने फणफणली. पुन्हा इंजेक्शन. पुन्हा तेच. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सासूबाई गाईच्या अंगावरून हात फिरवत होत्या. त्यांचा हात एका जागी थांबला.

"अगं, इकडं ये. हिला हे काय आलंय?"

खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी, कातड्याखाली गाठ होती. लिंबापेक्षा मोठी. दुसऱ्या बाजूला चाचपले, तर तिथेही गाठ. कान उलटा करून पाहिला. आत गोचिडांची ओळ लागली होती.

सासूबाई मटकन खाली बसल्या. मागच्या उन्हाळ्यात शेजारची कालवड अशीच गेली होती. तिलाही खांद्यापुढे गाठ होती. पंधरा दिवस तिला नुसती ताप उतरवण्याची इंजेक्शने दिली गेली. गाठीकडे कोणी पाहिलेच नाही. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरला फोन लाव," त्या सुनेला म्हणाल्या.

डॉक्टरसाहेब आले. गाईला हात लावण्याआधी त्यांनी चार प्रश्न विचारले. ताप कधीपासून? लघवीचा रंग कसा? कोणते औषध दिले? गाय कुठून आणि कधी आणली? घरधनी आठवू लागले. सूनबाईंनी वही पुढे केली. डॉक्टरसाहेबांनी ती पानापानाने वाचली. दूध कोणत्या वेळी घटले ते वहीत लिहिले होते. त्यावरून आजाराचा पाचवा दिवस आहे, हे त्यांना कळले. पुढे त्यांनी काय केले ते सांगतोच. त्याआधी गोचिडाची ओळख करून घेऊ.

गोचीड नुसते रक्त पीत नाही

गोचीड रक्त पितो हे लहान पोरही सांगेल. अंगावर खूप गोचीड झाले तर जनावर खंगते, हेही आपण बघतो. पण खरे भय वेगळेच आहे. रक्त पिताना गोचीड आपली लाळ जनावराच्या अंगात सोडतो. त्या लाळेतून रोगाचे जंतू जातात. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. ते रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात आणि त्या पेशी फोडतात.

गोचिडाकडे जंतू येतात कुठून? दुसऱ्या जनावराच्या रक्तातून. एखादी गाय हा आजार होऊन बरी झालेली असते. ती खाते, पिते, दूध देते. पण तिच्या रक्तात थोडे जंतू उरलेले असतात. लहान गोचीड तिचे रक्त पितो आणि खाली पडतो. गोठ्याच्या भिंतीच्या फटीत बसून तो कात टाकतो, मोठा होतो. मग दुसऱ्या गाईवर चढतो. आजार असा दावणीला फिरतो.

म्हणून बाजारातून आणलेल्या गाईला पंधरा-वीस दिवसांनी ताप आला, की "बाजारातून रोग आला" असे म्हणून मोकळे होऊ नका. गोचीड चावल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. आजार गाईबरोबरही आला असेल, किंवा तुमच्याच गोठ्यातल्या फटीतल्या गोचिडाने तिला दिला असेल. तुमच्या जुन्या गाईंना त्या जंतूंची सवय झालेली असते. नवीला ती नसते.

संकरित गाईला तर हा ताप फार जड जातो. आपल्या डांगी आणि खिलार जनावरांच्या कित्येक पिढ्या गोचिडांतच वाढल्या. त्यांचे अंग झुंज देते. संकरित गाईचा बाप मात्र परमुलखातला. होल्स्टिन हॉलंडकडची, जर्सी इंग्लंडजवळच्या एका बेटावरची. दूध तिकडचे आले, पण ही झुंज देण्याची ताकद आली नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ संस्था काढली. तेव्हापासून संकरित गाई आपल्या जिल्ह्यात घरोघर पोहोचल्या. त्यांच्यामुळे किती घरांच्या चुली पेटल्या हे आपण पाहतो. गाय सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण तिची राखण देशी गाईपेक्षा जास्त करावी लागते, हे विसरून चालत नाही.

गोचिडातून रोग पसरतो, हे शास्त्रज्ञांना कळायला बराच काळ लागला. अमेरिकेत टेक्सासकडची गुरे उत्तरेकडे नेली, की तिकडची गुरे तापाने मरत. तिथले गुराखी म्हणत, "हे गोचिडांचे काम आहे." शिकलेले लोक त्यांना हसत. मग स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी परीक्षा घेतली. काही दक्षिणी गाईंच्या अंगावरचे गोचीड त्यांनी हाताने वेचून काढले. काहींच्या अंगावर तसेच ठेवले. मग दोन्हींबरोबर चांगली गुरे वेगवेगळ्या वाड्यांत कोंडली. गोचीड होते त्या वाड्यातली गुरे आजारी पडली. वेचले होते तिथली धड राहिली. हे त्यांनी १८९३ साली छापून प्रसिद्ध केले. डासाच्या अंगात हिवतापाचे जंतू वाढतात, हे त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी आपल्या देशात सिकंदराबादला दाखवले. म्हणजे डासाच्या आधी गोचीड पकडला गेला, आणि तोही गुराख्यांनी!

ताप एक नव्हे, तीन

आपण सगळ्यांनाच "गोचीड ताप" म्हणतो. इथेच चूक होते. गोचिडातून येणारे मोठे रोग तीन आहेत. तिन्हींत ताप येतो. तिन्हींत दूध आटते. पण तिन्हींचे औषध वेगळे आहे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर पैसे जातात, दिवस जातात आणि गायही जाते.

पहिला रोग थायलेरिया. आपल्याकडच्या संकरित गाईंना याचे भय फार. ताप १०४ ते १०७ पर्यंत चढतो. याची मोठी खूण म्हणजे गाठ. खांद्याच्या पुढे गाठ येते. मांडीच्या पुढे, कुशीजवळच्या कातडीच्या घडीतही येते. कधी कानाखाली येते. या गाठी जनावराला जन्मापासूनच असतात, पण एरवी लहान असतात. त्या शरीराच्या पहारेकरी चौक्या समजा. थायलेरियाचे जंतू आधी तिथे शिरतात आणि वाढतात. म्हणून गाठ फुगते. मग ते रक्तात उतरतात. गाईचे डोळे पाणावतात. धाप लागते. पुढे डोळ्याची आतली कड पांढरी पडते. काही गाईंना रक्ताची हगवण लागते. लघवी मात्र बहुधा साधीच राहते.

दुसरा रोग बबेसिया. याची खूण लघवीत दिसते. जंतू तांबड्या पेशी फोडतात. पेशींतला तांबडा रंग मूत्रात उतरतो. लघवी आधी तांबूस होते, मग कोऱ्या चहासारखी, मग काळ्या कॉफीसारखी. ताप भारी असतो. वासरांपेक्षा मोठ्या गाईंना हा रोग जास्त जोराने होतो.

तिसरा ॲनाप्लाझ्मा. हा फसवा आहे. याचा जंतू वेगळ्या जातीचा, म्हणजे जिवाणू आहे. ताप येतो, पण गाय आजारी आहे हे उशिरा ध्यानात येते. लघवी तांबडी होत नाही. गाठीही फार फुगत नाहीत. गाय पांढरी पडत जाते. नंतर डोळे आणि सडांची कातडी पिवळसर दिसते. शेण घट्ट होते. हा रोग गोचिडातून येतो, चावऱ्या माश्यांतून येतो, आणि एकच सुई न उकळता दहा जनावरांना टोचली तर सुईतूनही येतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. इंजेक्शन देणाऱ्याला "नवी सुई काढा," असे सांगायला लाजू नका. सुई पाच-दहा रुपयांची, गाय लाखाच्या घरातली.

कधी एकाच गाईला यातले दोन रोग एकदम होतात. तेव्हा नुसत्या खुणांवरून डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगू शकत नाही.

दुसरेही ताप असतात, हे विसरू नका. तिवा आला की गाय तापते आणि लंगडते, पण बहुधा तीन दिवसांत सावरते. घटसर्पात गळा सुजतो आणि श्वास घुरघुरतो. लम्पी आपल्या राज्यात २०२२ साली फार पसरला होता. त्यात साऱ्या अंगावर, कातडीतच गाठी उठतात. थायलेरियाची गाठ ठरलेल्या जागी आणि कातडीच्या खाली असते. हा फरक बोटांना एकदा कळला की कळला.

तांबड्या लघवीचेही तसेच. नुकतीच व्यायलेली, भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस कधी तांबडी लघवी करते, पण तिला ताप नसतो. अंगातला फॉस्फरस नावाचा क्षार घटला की असे होते. तिथे गोचिडाचा काही संबंध नाही. म्हणून लघवी पाहिली तरी ताप मोजलाच पाहिजे.

घरी काय पाहावे

ताप हाताने कळत नाही. "कान गरम लागला" म्हणजे ताप नव्हे, आणि कान गार म्हणजे ताप नाही असेही नव्हे. घरात थर्मामीटर ठेवा. माणसाचा चालतो, पण तो गाईसाठी वेगळाच ठेवा, माणसाला पुन्हा लावू नका. त्याला दोरा बांधा. दोऱ्याच्या टोकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावा आणि तो शेपटीच्या केसांना अडकवा. नाहीतर थर्मामीटर आत जातो किंवा शेणात पडतो. दोन्ही आम्ही पाहिले आहे. टोकाला थोडे तेल लावून गुदद्वारात हळूच सरकवा आणि बाजूच्या भिंतीला टेकवा. शेणात खुपसलेला थर्मामीटर शेणाची ऊब सांगतो, गाईची नव्हे. आवाज करणारा असेल तर आवाज होईपर्यंत थांबा. जुन्या काचेचा असेल तर आधी झटका आणि दोन मिनिटे ठेवा.

धडधाकट गाईचा आकडा १०१ ते १०२.५ असतो. भर उन्हात दुपारी तो थोडा वर जातो. म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोजा. १०४ दिसला तर थांबू नका.

मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतली कड पाहा. ती गुलाबी हवी. घरातल्या दुसऱ्या चांगल्या गाईची पापणी शेजारी पाहिली, की फरक लगेच दिसतो.

मग गाठ. गाईच्या बाजूला उभे राहा. खांद्याचा सांधा बोटांनी शोधा. त्याच्या थोडे वर आणि पुढे बोटे सपाट ठेवून मागे-पुढे सरकवा. कातडीखाली लांबट गाठ हाताखालून निसटते. निरोगी गाईची गाठ आजच चाचपून ठेवा. गाय धड असताना जो हात लावत नाही, त्याला गाय आजारी पडल्यावर काय फुगले ते कळत नाही. दोन्ही बाजू पाहा. पायाला जखम असली तर त्या एकाच बाजूची गाठ फुगते, तो निराळा प्रकार आहे.

लघवी साध्या काचेच्या बाटलीत धरा. बाटली दोन तास हलवू नका. तांबडे खाली बसले आणि वरचे पाणी निवळले, तर ते रक्त आहे, मूत्रमार्गातून आलेले. सगळी बाटली तशीच एकसारखी तांबडी राहिली, तर फुटलेल्या पेशींचा रंग उतरला आहे. बाटलीवर तारीख लिहा आणि ती डॉक्टरांना दाखवा.

शेवटी गोचीड पाहा. कानाच्या आत, मानेखालच्या पोळीत, कासेच्या खाचेत, जांघेत, शेपटीखाली. एकही गोचीड दिसला नाही म्हणून रोग नाही असे समजू नका. रक्त पिऊन गोचीड केव्हाच पडून गेलेला असतो.

काचेवरचा थेंब

आता वाडीतल्या गाईकडे परत येऊ. डॉक्टरसाहेबांनी बॅगेतून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या. कानाचे टोक पुसले. सुईने टोचले. रक्ताचा बारीक थेंब एका पट्टीवर घेतला. दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरला. आपण तव्यावर आंबोळी पसरतो त्याहून कितीतरी पातळ. मग खांद्यापुढच्या गाठीत सुई घालून थोडा रस काढला आणि तोही एका काचेवर पसरला.

घरधनी म्हणाले, "साहेब, आधी औषध द्या की. काच मागनं घ्या."

"दादा, औषध आत गेलं की जंतू दडतात," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मग काचेवर काही दिसत नाही. आधी थेंब, मग औषध. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही."

हे वाक्य आम्हाला इतके पटले, की या पाठाचे कारणच ते आहे. घरी कोणी इंजेक्शन द्यायला आला, तर त्याला आधी रक्ताची काच घ्यायला सांगा. त्याला काच घेता येत नसेल, तर तो तुमच्या गाईवर अंदाजाने औषध टाकत आहे, असे समजा. ताप झटकन उतरवणाऱ्या काही औषधांनी गाईची झुंज देण्याची ताकदच कमी होते. गाभण गाय त्यांनी गाभ टाकू शकते. अंग गार झाले म्हणून रोग गेला असे होत नाही. जंतू आत वाढतच असतात.

काच वाळवतात. मद्यार्कात बुडवून थेंब पक्का करतात. मग त्यावर गिम्सा नावाचा निळा-जांभळा रंग चढवतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली सगळे हजार पट मोठे दिसते. रक्ताच्या पेशी गोल, गुलाबी भाकरीसारख्या दिसतात. बबेसियाचे जंतू जोडीने असतात, देठाशी जोडलेल्या दोन थेंबांसारखे. ॲनाप्लाझ्मा म्हणजे भोगीच्या भाकरीवर अगदी कडेला चिकटलेला एकच काळा तीळ. थायलेरिया बारीक अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसतो. गाठीच्या रसात तो निळसर ठिपक्यांच्या घोसासारखा दिसतो. जर्मनीचे मोठे शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ते ठिपके ओळखले जातात. हे कॉख १८९७ साली हिमालयातल्या मुक्तेश्वरच्या पशुरोग प्रयोगशाळेत येऊन गेले होते. ती प्रयोगशाळा १८८९ साली सुरू झाली ती आपल्या पुण्यात. पुढे ती मुक्तेश्वरला हलवली.

गाठीचा रस का घेतात? थायलेरियाचे जंतू पहिल्या दिवसांत गाठीत असतात, रक्तात फारसे नसतात. नुसती रक्ताची काच पाहिली तर "काही नाही" असे उत्तर येऊ शकते. उत्तर तसे आले आणि गाय तरी तापत राहिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काच घ्यायला सांगा. उलटही होते. पूर्वी आजारातून उठलेल्या गाईच्या रक्तात एखाद-दुसरा जंतू सापडतो, पण आजचा ताप त्याचा नसतो. म्हणून डॉक्टर काच आणि खुणा दोन्ही जुळवून पाहतात. खुणा कोण सांगणार? तुम्ही सांगणार.

तालुक्याच्या दवाखान्यात काच तपासतात. तिथे जमले नाही, तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवतात. रक्त बाटलीत पाठवायचे असेल तर ती जांभळ्या बुचाची असते. ती बर्फात ठेवून नेतात, पण रक्त गोठू देत नाहीत. मोठ्या प्रयोगशाळेत आता जंतूंच्या बीजावरूनही रोग ओळखता येतो. डॉक्टर जवळ नसतील तर १९६२ हा आकडा फिरवा. तो पशुवैद्यकीय मदतीचा फुकट फोन आहे.

वाडीतल्या गाईच्या गाठीच्या रसात थायलेरिया सापडला. डॉक्टरसाहेबांनी त्याचे ठरावीक औषध मानेत टोचले. ते ब्युपारव्हाक्वोन. महाग आहे, पण नेमके आहे. बबेसियावर ते चालत नाही, आणि बबेसियाचे औषध यावर चालत नाही. उत्तर हाती यायला वेळ लागणार असेल आणि गाय फार आजारी असेल, तर डॉक्टर खुणा पाहून आधीच औषध सुरू करतात. पण थेंब त्याआधी काचेवर घेतलेला असतो.

गाय वाचली. पण आधीचे दिवस फुकट गेले होते. तिचे रक्त फार घटले होते. महिनाभर ती नुसती उभी राहायची. दूध पुन्हा वर आले ते आठ लिटरवर येऊन थांबले. कर्जाचे दोन हप्ते चुकले. सूनबाईंनी कानातले गहाण ठेवून ते भरले. आता त्यांच्या वहीत दुधापुढे एक नवा रकाना आहे. त्यात त्या नव्या जनावराचा ताप लिहितात. सासूबाई हसत नाहीत. उलट, "आज लिव्हलं का?" म्हणून विचारतात.

नवी गाय आणल्यावर

बाजारातच कान आणि शेपटी पाहा. घरी आणल्यावर तीन आठवडे तिला वेगळ्या दावणीला बांधा आणि रोज ताप मोजा. गोचीड रोज काढा. गोचीड चिकटल्यावर थायलेरियाचे जंतू लाळेतून उतरायला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी काढलेला गोचीड रोग देऊन जाण्याची भीती कमी असते.

काढलेला गोचीड नखावर चिरडू नका. ही आपली जुनी खोड आहे. २०११ साली गुजरातमध्ये गोचिडातून माणसांत येणारा एक जीवघेणा ताप सापडला होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो ओळखला. म्हणून हाताला पिशवी किंवा मोजा घाला. गोचीड रॉकेलच्या डब्यात टाका. नंतर हात साबणाने धुवा.

भिंतींच्या फटी चुन्याने किंवा सिमेंटने बुजवा. गोचिडाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते. ती अंडी गाईवर नसतात, फटीत आणि पालापाचोळ्यात असतात. नुसत्या गाईवर औषध फवारले तर निम्मेच काम होते. फवारणीचे औषध डॉक्टरांना विचारून, सांगितल्या मापाने घ्या. गव्हाण झाका. फवारल्यावर किती दिवस दूध वापरायचे नाही, तेही विचारा. थायलेरियाची लसही निघाली आहे. ती अतिशय थंड डब्यात ठेवावी लागते, म्हणून सगळीकडे मिळत नाही. संकरित कालवड असेल तर लसीबद्दल दवाखान्यात विचारून ठेवा.

डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी

डॉक्टर येण्याआधी एक चिठ्ठी लिहून ठेवा. अक्षर कसेही असो, आकडे नीट काढा. खालची चिठ्ठी आधी वाचा. मग तशीच आपल्या वहीत, आपल्या गाईची लिहा.

मालकाचे नाव आणि गाव :
गाय : संकरित, दुसरे वेत, गाभण नाही
कुठून आणली : आळेफाटा बाजार, १८ दिवसांपूर्वी
दूध : परवा १२ लिटर, काल साडेआठ, आज सकाळी २
ताप : काल संध्याकाळी १०४, आज सकाळी १०५.५
लघवी : पिवळी, तांबडी नाही
पापणी : फिकी
गाठ : खांद्यापुढे, दोन्ही बाजूंना, लिंबाएवढी
गोचीड : कानात आहेत
दिलेले औषध : अजून काही दिले नाही